उरलेल्या गोळ्या

ऐंशी सालच्या आसपास मी लाखनीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. तलावातल्या मासोळ्या विकणारी एक बाई कधीमधी औषधाला यायची. वास आत येऊ नये म्हणून टोपली पायरीखाली ठेवायची आणि पदराला हात पुन्हा पुन्हा पुसत दारातच उभी राहायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तिला जुलाब लागले होते. डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. जुलाब थांबवायच्या गोळ्या मी पुडीत बांधत होतो, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, लेकरू अंगावर पेते. चालन ना?"

मी तेव्हा विशीतला. परक्या बाईच्या तोंडून असलं काही ऐकलं की माझे कान तापायचे. अशा वेळी डॉक्टर औषध बदलून देतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पुढे बोलणं नको म्हणून मान वर न करताच मी म्हणालो, "काही होत नाही."

तिसऱ्या दिवशी ती आली, पदराखाली लेकरू घेऊन.

"दोन दिवस नुसतं झोपून होतं. दूध प्याले उठेच नाही. गोळ्या बंद केल्या, तवा आज कुठं रडलं."

तिचा आवाज चढला नाही. पदराची गाठ सोडून तिने उरलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"ह्या बाप्या माणसाले देजा भाऊ. त्याच्या अंगावर कोणी पेत नाही."

ती गेल्यावर डॉक्टरांनी आतून विचारलं, "कोण आलं होतं रे?"

गोळ्या मुठीत घेत मी म्हणालो, "कोणी नाही."