पिंपात डोकं घालून गाणारा रुबेन

खांदा कॉलनीत रुबेन वाकरूळकरांचं घर विचारलं, की लोक आधी हसतात आणि मग पत्ता सांगतात. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात हा माणूस तीस वर्षं स्टोअरकीपर होता. घरी आला की गळ्यात गिटार आणि तोंडात रॉक अँड रोल, तोही मराठीत: 'नाक दाब नि पळ रे राजा, आला आला तळोजा!' डब्याचं झाकण हा ड्रम. आवाज घुमायला हवा म्हणून माइक रिकाम्या पिंपात सोडायचा आणि मागोमाग स्वतःचं डोकं. शुक्रवारी बायकोने, एस्थरबाईंनी, शब्बाथचे म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाचे दिवे लावले की मात्र गिटार गप्प. ती थेट शनिवारी चांदण्या दिसल्यावर सुरू.

गेल्या महिन्यात माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेटी सापडल्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या यासीनने एक साफ करून मोबाइलवर चढवली.

"रुबेनभाई, कसम से, असला आवाज स्टुडिओत पण येत नाही!"

"येईल कसा?" एस्थरबाई म्हणाल्या. "तिथे डोकं घालायला पिंप नसतं."

आठवड्याभरात कॉलनीतली पोरं नाक दाबून तळोजा गाऊ लागली. पंचाहत्तरीच्या रुबेननी शर्टाची कॉलर उभी केली. मग यासीनचा फोन आला. "अकरावी सगळ्यात कडक आहे. रविवारी आणतो, भाभींसमोरच लावू. वरचा दात मोडलेला होता, ती खाच कुणीतरी चिकटपट्टी लावून भरलीय."

रुबेनची कॉलर बसली.

ती पट्टी त्यांनीच लावली होती. इस्रायलमधल्या अश्दोदहून सासूबाई पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायच्या. शेवटची आली तेव्हा एस्थरबाईंनी तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून तो दात मोडून ठेवला. दोन महिन्यांनी सासूबाई गेल्या. पुढे एका रविवारी रुबेनच्या डोक्यात गाणं आलं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. एस्थरबाई आजवर समजत होत्या, ती घर बदलताना हरवली.

'ही नको लावूस,' एवढं यासीनला सांगितलं की भागलं असतं. रुबेननी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आईंची कॅसेट हरवली नव्हती. मी तिच्यावर गायलो."

एस्थरबाईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"सगळी पुसलीत?"

"माहीत नाही. परत ऐकायची हिंमत झाली नाही."

"मग रविवारी ऐकू," एस्थरबाई म्हणाल्या. त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

रविवारी यासीनने कॅसेट लावली. पहिलं गाणं धडाडधूम संपलं. खट्ट. दुसरं सुरू व्हायच्या आधी खरखरीतून एक म्हातारा, सानुनासिक आवाज आला, "...नारळ मिळतो गं इथं, पण आत पाणीच नसतं. तू वेळेवर जेवतेस ना?" आणि लगेच डब्याचं झाकण वाजलं.

"यासीनभाई, तेवढंच परत लावा," एस्थरबाई म्हणाल्या. "यांचं नको."

यासीनने सहा वेळा लावलं. मग बिचकत विचारलं, "भाई, गाणी कधी चढवू या?"

"राहू दे गाणी," रुबेन म्हणाले आणि खुर्ची टेपजवळ ओढून बसले. "उलटी बाजू लाव. अजून कुठे त्या बोलल्यात का, बघू."