आधी नाव, मग गोफण

धुरपताबाईनं सारा जन्म लोकांची ज्वारी राखली. राणीसावरगावच्या शिवारात कणसं दुधात आली की कुणी ना कुणी तिला सांगावा धाडायचंच. चार खांबांचा माळा, वर कडब्याचं छप्पर, हातात गोफण अन् दिवसभर ओरडायला गळा. नवरा गेल्यावर एवढ्यावरच तिनं दोन लेकी उजवल्या.

राखण करणाऱ्यांचा तिथं एक कायदा हाय. ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाते. आत कोण गवत कापतंय, कोण आडोशाला बसलंय, काही दिसत न्हाई. म्हणून गोफण फिरवायच्या आधी आपलं नाव घेऊन हाळी द्यायची. आसपासनं जवाब आला, माणसं कुठं हायत ते कळलं, की मगच गोटा सोडायचा.

परवाच्या साली धुरपताबाईचा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. त्या साली राखण आश्रुबाच्या रानात होती. आश्रुबाची लेक रेणुका सातवीत. शाळेच्या आधी अन् सुट्टीला ती माळ्यावर यायला लागली. पोरीचा नेम लय पक्का. पण तोंडातून शब्द निघायचा न्हाई. कारण तिचा आवाज जाडाभरडा, बाप्यासारखा. वर्गातली पोरं तिला 'मामा' म्हणायची. आई, विमल, म्हणायची की चारचौघांत हळू बोलत जा, लोक काय म्हणतील. हळू बोलता बोलता पोरीनं बोलणंच टाकून दिलं.

एका सकाळी भोरड्यांचा थवा उतरला. धुरपताबाई खाली चहाला चूल पेटवत होती. रेणुकानं हाळी न देताच गोटा सोडला. शेजारच्या ज्वारीत चांगुणाबाई वाकून गवत कापायली होती. गोटा तिच्या बाजूच्या घागरीवर बसला. फुटक्या घागरीचा गळा हातात घेऊन, लुगड्याचा वला पदर पिळत ती माळ्याखाली आली अन् वीतभर चुकला असता तर माझं टकुरं फुटलं असतं, असं तिनं साऱ्या शिवाराला ऐकवलं.

धुरपताबाईनं तिला आपली घागर दिली. मग रेणुकाच्या हातातली गोफण काढून खांबाला अडकवली. नाव घेता येत नसंल तर उद्यापासून घरी बस, म्हणाली. पोरीला गोफणीइतकं दुसरं काहीच आवडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता आली, माळ्यावर उभी राहिली अन् ओरडली, "धुरपताबाईऽऽ!"

पलीकडच्या माळ्यावरून बालाजी म्हणाला, "मावशे, रातच्याला खाल्लं काय? गळा पार बाप्याचा झालाय!"

चार रानांत हशा पिकला. रेणुका खाली बसली.

"माझं नाव कशाला घेतीस? डोस्कं फुटलं तर लोक माझ्या दारात येतेल," धुरपताबाई म्हणाली. "गोटा तुझा, नाव तुझं."

"लोक हसतेत, आजी."

"हसू दी. हसणारा कुठं बसलाय ते तर कळतंय. तिकडं मारू नको, म्हंजे झालं."

अन् ती मिसरी लावत बसली. थवा पुन्हा उतरला. धुरपताबाई हलली न्हाई. तुझ्या बापाची ज्वारी हाय, एवढंच म्हणाली. पाखरं कणसावर कणीस मोकळं करायली होती. रेणुका बघत राहिली, बघत राहिली, अन् एकदम उठली.

"रेणुकाऽऽ! आश्रुबाची रेणुकाऽऽ! गोफण चाल्लीऽऽ!"

आवाज पार ओढ्यापलीकडं गेला. धुरपताबाईचा चिरका गळा तिथवर कधी पोचला नव्हता. कुठंतरी कुणी हसलं. मग ज्वारीतून चांगुणाबाई बोलली, "थांब गं रेणुके. मी हिकडं हाय, बांधाला येऊ दी."

रेणुका थांबली. ज्वारी हलत हलत बांधाशी गेली.

"हं, टाक आता."

धुरपताबाईनं खांबाची गोफण काढून दिली.

औंदा धुरपताबाई चुडाव्याला लेकीकडं राहते. रेणुका नववीत हाय, सुट्टीचा माळा तिचाच. पोरं अजून 'मामा' म्हणतेत. ती त्याच आवाजात विचारते, "काय रं भाच्या?"

चांगुणाबाई मात्र घागर आता बांधापलीकडं ठेवते.