सासूबाईंची केबिन

मी ती आगबोट सासूबाईंवरच्या प्रेमापोटी बांधली, असा आमच्या नातेवाइकांत समज आहे. इतकी वर्षं मी तो दुरुस्त केलेला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांना खोटं पाडायचं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चाळिशीची होते, पंचवटीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि जगात जे जे छापलेलं आहे ते आपल्याला बरोबर समजतं अशी माझी खात्री होती. असल्या बाईबरोबर एका घरात राहणं सोपं नसणार. पण सासूबाईंनी तक्रार केली नाही. त्या फक्त बोटीच्या गोष्टी सांगायच्या.

सासूबाई सायखेड्याच्या. गोदावरीहून मोठं पाणी पाहिलेलं नाही आणि लग्नानंतर वर्षाच्या आत निघाल्या त्या थेट मोंबासाला, कारण सासऱ्यांना तिकडे रेल्वेत कारकुनी मिळाली होती. मुंबईहून बोटीने नऊ दिवस. बारा वर्षांनी सगळे नाशिकला परत आले. त्या बारा वर्षांबद्दल त्यांना विचारलं की म्हणायच्या, "तिकडेही स्वयंपाकच केला." बोटीबद्दल मात्र विचारावं लागत नसे. दर चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. बायकांच्या हातात कैरीची डाळ पडली की सासूबाई पदर सारखा करून सुरू व्हायच्या. "आम्हाला केबिन होती. पितळेची गोल खिडकी. उशाशी समुद्र."

पहिल्या वर्षी मी हे कौतुकाने ऐकलं. सतराव्या वर्षी मी ते उत्तरपत्रिका तपासावी तसं ऐकत होते. नव्याने नोकरीला लागलेल्या कारकुनाला केबिन कोण देतं? मी एकदा सगळ्यांदेखत केबिनचा नंबर विचारला. त्या म्हणाल्या, "नंबर कशाला लक्षात ठेवू, तिथे काय रेशन घ्यायचं होतं?" बायका हसल्या. सासऱ्यांना विचारावं तर ते केव्हाच गेलेले. साक्षीदार एवढी एकच, आणि ती दरवर्षी खिडकीला थोडं जास्त पितळ लावत होती.

तेवढ्यात संक्रांतीच्या सुमारास थोरल्या दिरांनी परदेशातून एक खोकं पाठवलं. आत प्लास्टिकची आगबोट, सुट्या भागांत. आईच्या बोटीच्या काळातली आहे, जवळपास तशीच, असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. बोट उभी करायची, खिडक्या समोर ठेवायच्या आणि विचारायचं, दाखवा तुमची केबिन. जेवणघर कुठे, जिना कुठे, खिडकीतून काय दिसायचं. मी शाळेत कॉपी करणारी पोरं अशीच पकडायचे. चैत्रातलं हळदीकुंकू ही मुदत मी मनाशी ठरवली. बायकांसमोर निकाल लावायचा होता.

खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि चौकटींना भेंड्या लागाव्यात तसे शेकडो भाग लागलेले. धुराडी, शिड्या, नांगर, तांदळाएवढ्या कड्या, चवळीच्या दाण्याएवढे पंखे. प्रत्येकाला नंबर. सोबत इंग्रजी सूचनांचा कागद. घरातल्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि आदराने माझ्याकडे दिला.

कागदावर पहिलंच वाक्य होतं की दोन्ही बाजू सिमेंटने जोडा.

मी वाक्य दोनदा वाचलं. शब्द स्पष्ट होता. मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पांढरं सिमेंट आणलं. साधं का नाही, तर बोट पांढरी होती, आणि रंगसंगतीची मला जाण होती. दुकानदाराने विचारलं, "बाथरूमचं काम काढलं का मॅडम?" मी म्हटलं, "नाही, आगबोट." त्याने पिशवी बांधून दिली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

दुसऱ्या एखाद्या घरात इथे कोणीतरी थांबवलं असतं. आमच्या घरात माझे यजमान होते, आणि ते पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी बोटीत काडीचं लक्ष घातलं नव्हतं, पण सिमेंट म्हटल्यावर उठून आले. बोटीच्या दोन्ही बाजू मी माझ्या परकराच्या नाडीने घट्ट बांधल्या होत्या आणि आतून चमच्याने सिमेंट थापत होते. त्यांनी पाहणी केली. प्रमाण बरं आहे म्हणाले. मग म्हणाले, "पाणी मारायला हवं. सात दिवस. नाहीतर तडा जाईल."

मग आम्ही आगबोटीला पाणी मारलं. ओलं गोणपाट गुंडाळून ती मागच्या गच्चीवर ठेवली होती, शेजारी तांब्या. सकाळी ते मारायचे, संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी. त्या सात दिवसांत आमच्यात एकही भांडण झालं नाही, हे नमूद करायला हवं. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत. एकदा त्यांनी विचारलं, "बोटीला भिजवायचं असतं का गं?" मी त्यांना सांगितलं की हे तांत्रिक आहे.

आठव्या दिवशी नाडी सोडली. बोट जुळलेली होती. पाट्यावरच्या वरवंट्याइतकी जड होती, पण जुळलेली होती. मला इतका आनंद झाला की शिक्षकांच्या खोलीत मी त्याबद्दल बोलले. खरी अडचण पुढे आली. शिड्या, डोलकाठ्या, जीवरक्षक होड्या, काहीच सिमेंटने टिकेना. लावलं की वाळेपर्यंत राहायचं आणि वाळलं की टक्कन पडायचं. एक होडी डाळीच्या डब्यात सापडली.

रविवारी दिरांचा फोन आला. मी त्यांना अभिमानाने सांगितलं की पाया भक्कम झालाय, पण बारीक कामाला सिमेंट धरत नाही, वाळू मिसळू का? मला वाटलं लाइन गेली. मग दीर अगदी हळू म्हणाले, "अगं, ते प्लास्टिक चिकटवायच्या गोंदाला सिमेंट म्हणतात." मी म्हटलं, "हो, ते माहीत आहे मला." त्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दीर चांगल्या स्वभावाचे आहेत.

उरलेली बोट मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने केली. भाग नेलकटरने सोडवायचे, नखांच्या कानशीने घासायचे, भुवयांच्या चिमट्याने धरायचे. वार्षिक परीक्षेच्या पर्यवेक्षणाला मी उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत गेले आणि तीन तास वर्गाकडे आशीर्वादाच्या तयारीत असल्यासारखी पाहत होते. पण बोट उभी राहिली. दोन धुराडी, सोळा होड्या आणि दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रांगा. खिडक्यांच्या कडांना मी सुईच्या टोकाने सोनेरी रंग लावला. पुराव्यात कमतरता नको.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. सासूबाई कैऱ्या किसत होत्या. बायकांसमोर विचारण्याआधी एकदा तालीम घ्यावी म्हणून मी बोट त्यांच्यापुढे ठेवली आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "आई, दाखवा बरं, तुमची केबिन कुठली?"

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि बोट अगदी जवळ घेतली. माझी सोनेरी वर्तुळं त्यांनी नीट पाहिली. मग पहिल्या खिडकीपासून हाताचं बोट फिरवायला सुरुवात केली. एक रांग संपली. दुसरी संपली. त्यांचं बोट खिडक्या सोडून मागच्या उघड्या डेकवर गेलं, सामान चढवायच्या दोन याऱ्यांच्या मधे, आणि तिथे थांबलं.

"इथे," त्या म्हणाल्या. "वर ताडपत्री होती. दोन ट्रंका लावल्या की आपली जागा. पलीकडे कच्छी कुटुंब. त्यांचं लोणचं चांगलं होतं."

मी सांडलेला कीस गोळा करायला लागले. बोलायचं ते सगळं मी तयार करून ठेवलं होतं.

"मला तेव्हा थोरला राहिला होता," त्या किसणी परत हातात घेत म्हणाल्या. "चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडले. डॉक्टरच्या केबिनमध्ये नेलं, पलंगावर निजवलं. तिथे होती गोल खिडकी. एक दुपार निजले बघ. बाकीच्या दिवसांचं बायकांना काय सांगायचं? ओकले म्हणून?" थोडी कैरी किसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सांग हो तू. मास्तरीण आहेस, खरं ते सांगायला हवं."

म्हणजे मी जिंकले होते. सतरा वर्षं, तीन महिने आणि एक पिशवी सिमेंट यांचं फळ माझ्यासमोर होतं, लेखी मागितलं असतं तरी मिळालं असतं. संध्याकाळभर मी डाळ निवडताना पुढचं भाषण मनात म्हणून पाहत होते. दरवेळी ते ट्रंकांपर्यंत यायचं आणि पुढे सरकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गौरीच्या आराशीत मी बोट ठेवली. परातीत पाणी भरून तरंगत ठेवायचा बेत होता. ती तळाशी जाऊन बसली, पण परात उथळ असल्यामुळे तरंगल्यासारखी दिसत होती. बायका आल्या. पन्हं झालं, डाळ झाली. सासूबाई मोगऱ्याचे गजरे वाटत होत्या. बोटीचं नाव त्यांनी काढलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आराशीपाशी वाकून विचारलं, "अगं बाई, हीच का ती? आजी, तुमची केबिन कुठली यातली?"

गजऱ्यांचं ताट धरून सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या, म्हणून मग माझ्याकडे पाहायला लागल्या.

मी पुढे झाले आणि वरच्या रांगेतल्या एका सोनेरी खिडकीवर बोट ठेवलं. "ही," मी म्हटलं.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं, चष्मा लावला आणि सावकाश येऊन परातीवर वाकल्या.

"ती नाही गं," त्या म्हणाल्या. "तिथे कप्तान राहायचा. आमची तिच्या शेजारची."

मी बोट शेजारी सरकवलं.