दूध ताईचं, उत्तरं माझी

आधीच माफी मागतो. मी वीस वर्षांचा आहे, माझं लग्न झालेलं नाही आणि मी अंगावर पाजण्याबद्दल लिहायला बसलो आहे. हे लिहायचा हक्क खरं तर माझ्या बहिणीचा. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला आता वेळ नाय. तूच लिही. पण लाजून लिहू नको." म्हणून लिहितो. मांडणी चुकली तर समजून घ्या. पण यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती मात्र कृपा करून समजून घेऊ नका.

डॉक्टरांनी 'रिफ्लक्स' हा शब्द उच्चारला तेव्हा माझा भाचा एकवीस दिवसांचा होता. रिफ्लक्स म्हणजे पोटात गेलेलं दूध तिथल्या आंबट रसासकट अन्ननलिकेतून वर येणं. तान्ह्या बाळांच्या पोटाच्या तोंडाशी असलेली झडप अजून घट्ट झालेली नसते, त्यामुळे थोडंफार असं बहुतेकांना होतं; बाळाला त्याचा त्रास होऊ लागला की आजार धरून डॉक्टर हा शब्द वापरतात. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि मी जाणत्यासारखी मान हलवली. कारण तो शब्द त्यांना मीच सुचवला होता.

आमचं गाव देवरूखच्या पलीकडे. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दाजी लोट्याला कंपनीत शिफ्टला, त्यामुळे ते फोनवरच. बाळ जन्मलं तेव्हा वजन दोन किलो नऊशे ग्रॅम होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्रास सुरू झाला. बाळ पाजायला घेतलं की झोंबायचं, सोडायचं, रडायचं, परत तोंड लावायचं. तासभर असं चालायचं आणि शेवटी जे पोटात गेलं असेल ते खांद्यावर ओकायचं. पुन्हा भूक, पुन्हा रडणं.

घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. ताईच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तिचं दूधच पातळ असेल." आई म्हणायची, नजर लागली. बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणून तिला दिवसाला दोन पेल्यांच्या वर पाणी द्यायचं नाही, हेही चालू होतं. ताईला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती बाळाला पाजायला घेऊन बसली की आतलं दार लोटलं जायचं आणि मी पडवीत बसून मोबाइलवर वाचायचो. तिथेच मला रिफ्लक्स सापडला. मला वाटलं, आपण शोध लावला.

एकविसाव्या दिवशी आम्ही रत्नागिरीला एका खासगी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मुक्काम मांडवीला आत्याकडे. सकाळी आई आत्याच्या कानाशी लागून सांगत होती की ताईच्या छातीला चिरा पडल्यात, पाजताना रक्त येतं. मी शेजारच्या खोलीत होतो. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी ते ऐकलंच नाही असं केलं.

आमच्या घराची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. त्यामुळे जिथे टेबलापलीकडे कुणी शिकलेला माणूस बसलेला असेल, तिथे मला पुढे ढकलतात. बँकेत मी, तहसील कचेरीत मी, दवाखान्यातही मीच. बाकावर बसल्या बसल्या आई म्हणाली, "बाबू, तू बोल हां. आमाला काय त्यांचं समजणार?" ताई दहावीला माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली होती. पुढे शिकलो मी. तिच्या मांडीवर तिचं बाळ होतं आणि बोलायचं मी होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "फीडिंग कसं आहे? लॅच नीट होतोय?"

लॅच म्हणजे बाळाने स्तन तोंडात पकडणं. नुसतं टोक नव्हे, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात यावा लागतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "हो सर."

"आईला दुखतंय वगैरे?"

ताई माझ्या डाव्या हाताला बसली होती. मान खाली. खरं सांगायचं तर मला एक शब्द तोंडातून काढावा लागणार होता, आणि तो आई, बहीण आणि परका पुरुष यांच्यासमोर मला काढता आला नसता. मी म्हणालो, "नाही सर."

मग त्यांनी उलट्यांचं विचारलं. तिथे मात्र माझी जीभ मोकळी झाली. किती वेळा, किती वेळाने, सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "सर, रिफ्लक्स असेल का?" ते हसले. "वाचून आलायस वाटतं." बाळाचं वजन भरलं दोन किलो सातशे चाळीस. तीन आठवड्यांत जन्माच्या वजनाच्या वर जायला हवं होतं, ते खाली आलं होतं. त्यांनी पोटातलं आम्ल कमी करणारे थेंब लिहून दिले. पाजल्यावर अर्धा तास बाळाला उभं धरा म्हणाले. आम्ही पाचेक मिनिटांत बाहेर.

मला त्या पाच मिनिटांचा अजून राग येतो. वजन घटलेलं तान्हं बाळ समोर आहे, आणि ते पितं कसं हे एकदाही कुणी डोळ्यांनी बघितलं नाही. जिच्या अंगावर ते पितं, तिला एक प्रश्न नाही. दुकानातला मिक्सर दुरुस्त करणारासुद्धा आधी चालवून बघतो. पण डॉक्टरांवर रागावलो की लगेच आठवतं, विचारलं तर होतं त्यांनी. चुकीच्या माणसाला विचारलं, आणि त्या चुकीच्या माणसाने उत्तर दिलं.

चार दिवस थेंब दिले. आई आणि आत्या आळीपाळीने बाळाला उभं धरून बसायच्या. रडणं तसंच. पाजताना ताई टॉवेलचं टोक दातात धरायची, हे मला आत्याकडून कितीतरी दिवसांनी कळलं. पंचविसाव्या दिवशी सकाळी बाळाने दूध ओकलं, आणि पांढऱ्या कपड्यावर लाल धागे दिसले.

रिक्षा करून परत तिकडेच गेलो. डॉक्टरांचा चेहरा या वेळी वेगळा होता. बाळाला दाखल करून घेतलं. सुईसाठी तीन ठिकाणी टोचलं तेव्हा शीर मिळाली. ते म्हणाले, "आम्लाने अन्ननलिकेला आतून जखम झाली असू शकते. इथे ती तपासणी होणार नाही. उद्या सकाळी कोल्हापूरला हलवू. तिथे भूल देऊन एंडोस्कोपी करतील." एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून पोटापर्यंत बारीक नळी घालून कॅमेऱ्याने आतून बघणं. पावणेतीन किलोच्या जिवाला भूल आणि नळी. आईने पदर तोंडाला लावला.

जाता जाता डॉक्टर मला म्हणाले, "आईची तब्येत ठीक ना? काही त्रास?"

मी म्हणालो, "नाही सर." दुसऱ्यांदा. घाबरलेला माणूस खरं बोलतो म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या फॉर्म भरायला आल्या. दिवसातून किती वेळा पाजता, एका वेळी किती मिनिटं, दोन्ही बाजूंनी का, असं विचारत होत्या आणि मी सवयीने उत्तरं देत होतो. दोन-तीन उत्तरं लिहिल्यावर त्यांनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काय रे भाऊ, दूध तुला येतं काय?"

"नाही."

"मग गप ऱ्हा. बाय, तू बोल गो."

ताईने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, "दुखतंय. लय दुखतंय. उजव्या बाजूला चीर पडल्ये, रक्त येतंय. दहा-बारा दिवस झाले."

सिस्टरांनी मला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि ताईला पाजून दाखवायला सांगितलं. थोड्या वेळाने त्या स्टीलची वाटी घेऊन बाहेर आल्या. उजव्या बाजूचं दूध त्यांनी हाताने पिळून काढायला लावलं होतं. वाटीतलं दूध गुलाबी होतं.

"शिकलायस ना? मग सांग, बाळाच्या ओकारीतलं रक्त कुणाचं?"

मी केमिस्ट्रीचा विद्यार्थी आहे. त्या वाटीकडे बघून म्हणालो, "ताईचं."

डॉक्टर आले. वाटी बघितली, ताईसमोर स्टूल ओढून बसले. जरा चिडूनच म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

ताई म्हणाली, "तुम्ही मला विचारलंच नाय."

आई घाबरून "अगो" म्हणाली. डॉक्टरांनी वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बरोबर आहे." पुढचे सगळे प्रश्न त्यांनी तिला विचारले. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि पहिल्यांदाच मला त्या खोलीत काही काम नव्हतं.

बाळ नुसतं टोक तोंडात धरून ओढत होतं. त्यामुळे चिरा पडल्या, दूध कमी आलं, हवा जास्त गेली. हवेबरोबर दूध वर आलं, आणि उपाशी बाळ पुन्हा तसंच ओढू लागलं. डॉक्टर म्हणाले, "कोल्हापूर चोवीस तास थांबवू. उजवी बाजू बंद. डावीकडून पाजायचं, कमी पडेल ते डावीकडचंच काढून वाटी-चमच्याने. ओकारीत रक्त दिसलं नाही तर ते आईचंच होतं. एकदा जरी दिसलं तरी गाडी बोलवायची."

ते चोवीस तास कसे गेले ते लिहिता येत नाही. सिस्टरांनी ताईच्या पाठीला उशा लावल्या. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावायचं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी आधी टेकवायची, हे दहादा करून घेतलं. पाण्याचा तांब्या उशाशी आणून ठेवला आणि आईला म्हणाल्या, "मावशी, पोट सुटलं तर मला सांगा, मी बांधून देते. पाणी पिऊ दे तिला." बाळ चार वेळा ओकलं. प्रत्येक वेळी आई कपडा घेऊन खिडकीशी जायची, उजेडात उलटसुलट बघायची, आणि परत यायची. चारही वेळा पांढरं.

डॉक्टरांनी थेंब बंद केले. मात्र ताईला म्हणाले, "रक्ताचं कोडं सुटलं, वजनाचं नाही. पंधरा दिवसांनी आणा. वाढलं असेल तर ही नुसती दुधाची गुळणी, ती आपोआप थांबेल. नसेल वाढलं, तर रिफ्लक्स किंवा दुसरं काही आहे का ते पुन्हा पहिल्यापासून शोधायचं."

माझी प्रॅक्टिकल्स होती. बाळाला घेऊन आई आणि ताई गावी गेल्या, मी देवरूखला कॉलेजच्या होस्टेलवर परतलो.

तुमच्या घरात असं बाळ असेल तर मी काय सांगणार? मी कुणी जाणकार नाही. एवढंच म्हणेन की पाजताना दुखत असेल तर सोसू नका, कुणातरी जाणत्या बाईला किंवा डॉक्टरांना पाजून दाखवा. ओकारीत रक्त दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आमचं साधं निघालं म्हणून तुमचंही निघेल असं नाही. आणि माझ्यासारखा कुणी शिकलेला भाऊ, दीर, नवरा सोबत असेल तर त्याला रिक्षा बघायला पाठवा. त्या वॉर्डात नंतर मी बघत होतो. पाच खाटा होत्या, आणि तीन खाटांपाशी डॉक्टरांशी पुरुषच बोलत होते.

पंधरावा दिवस उलटला. मला कुणाचाच फोन नाही. सोळाव्या दिवशी मी आईला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, काल जाऊन आलो. बायकांचं काय ते, तुला कशाला सांगायचं? तू अभ्यास कर." वजन किती भरलं विचारलं, तर म्हणाली, आकडा ताईला माहीत. ताईचा फोन लागेना. मी मेसवर ताटावरून उठलो. उत्तरं द्यायला मी लागतो, आणि बातमी मात्र माझ्यापर्यंत यायची नाही. बहुतेक त्या रागाचाही मला हक्क नव्हता.

सतराव्या दिवशी, लॅबमधून बाहेर पडताना, मोबाइलवर ताईचा आवाज आला. मागे बाळ कुरकुरत होतं.

"बाबू, रेंज नव्हती रे. तीन किलो दोनशे साठ भरलं. डॉक्टरने सगळं मलाच विचारलान, मीच सांगितलं. चीर भरली, दोन्हीकडून पितो, दुखत नाय. गुळणी अजून टाकतो, टाकू दे. रिफ्लक्स नाय म्हणाले."