कोण हालतंय आन् कुणामुळं?

छायावहिनी वर्गात यायच्या त्या चपला दाराबाहेर काढून. चिंचवडच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराशी सोनेरी पट्ट्याच्या त्या चपला दिसल्या की मला जिन्यातूनच कळायचं, आज तास होणार. एकदा शिपायाने कुणाच्या तरी विसरल्या म्हणून त्या उचलून ऑफिसात जमा केल्या. वहिनी अनवाणी खाली गेल्या आणि त्यालाच म्हणाल्या, "भाऊ, मंदिराबाहेरच्या चपला चोर नेतो, माहीत होतं. कॉलेजात सरकारी माणूस नेतो व्हय?" चपला का काढता, असं मी विचारलं होतं. मला वाटलं, विद्येचा मान वगैरे काही सांगतील. तर म्हणाल्या, "पाय मोकळे असले की डोकं मोकळं चालतं. दुसरं काय न्हाई."

अर्थशास्त्र आणि गणित हे दोन विषय एकदम घेऊन बी.ए. करणाऱ्या आमच्या वर्षात आम्ही दोघीच. मी कुरुळीची. वडील थोडी शेती करायचे आणि चाकणच्या एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवर शिफ्ट करायचे. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारी मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. वहिनी पुनावळ्याच्या. मुलगी इंजिनिअर झालेली, केसांत चांदी उतरलेली. ॲडमिशनच्या खिडकीत क्लार्क त्यांना म्हणाला, "मावशी, मुलीला पुढं करा." वहिनी म्हणाल्या, "मुलीचं झालं शिकून. आता मीच पुढं." विषय ऐकून तो आणखी वैतागला. "इकॉनॉमिक्स घ्या, नाहीतर मॅथ्स घ्या. दोन्हींचं टाइमटेबल जुळत नाही." मागे मी उभी होते. मी म्हणाले, "मलाही दोन्हीच पाहिजेत." वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि क्लार्ककडे वळून म्हणाल्या, "घ्या. आता दोघी झालो. आता जुळवा."

हे दोनच विषय का, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांच्या शेतावर आता बारा-बारा मजली सोसायट्या उभ्या आहेत. घरात दिवसभर जमिनीच्या रेटची बोलणी चालत आणि वहिनी चहा देत. "भाव वर गेला म्हणायचं, आन् समद्यांनी माना हलवायच्या. का गेला, ते कुणालाच ठावं नाही. म्हणलं, निदान चहा देणारीला तरी ठावं असावं." आणि गणित? "अर्थशास्त्रात माणसं असत्यात, लबाड. गणितात माणूसच न्हाई. एकात दमलं की दुसऱ्यात जाऊन बसायचं, गारव्याला."

गणिताच्या मॅडमनी पहिल्या आठवड्यात आलेख शिकवला. जे आपल्या मनाने बदलतं ते आडव्या रेघेवर घ्यायचं, आणि त्याच्यामुळे जे बदलतं ते उभ्या रेघेवर. वहिनींना हे इतकं पटलं की त्यांनी त्याची म्हणच करून टाकली: "कोण हालतंय आन् कुणामुळं?" कुठलंही गणित समोर आलं की आधी हा प्रश्न. कँटीनमध्ये दोन पोरी भांडत असल्या तरी हाच प्रश्न. "आमच्या घरात मालक आडव्या रेघेवर, मी उभ्या," असंही एकदा हसत सांगितलं.

मग अर्थशास्त्राच्या सरांनी मागणीचा वक्र काढला. किंमत बदलते म्हणून मागणी बदलते, असं म्हणाले आणि किंमत उभ्या रेघेवर लिहिली. वहिनींचा हात वर.

"सर, मालकाला उभं केलंय तुमी."

"कुणाला?"

"किमतीला. ती हालती म्हणून मागणी हालती ना? मंग ती आडवी पाहिजे."

सर चांगले होते. हसले. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आमच्याकडे पहिल्यापासून अशीच काढतात. प्रथा आहे."

"प्रथा हाय व्हय? मंग बसते खाली. सासरी येऊन लई वर्सं झाली, प्रथेशी भांडायचं न्हाई एवढं कळतं."

सगळा वर्ग हसला, पण पुढच्या चाचणीत आम्हा दोघींचं हसू झालं. वहिनींनी अर्थशास्त्राच्या पेपरात किंमत आडवी काढली आणि मी गणिताच्या पेपरात सगळं उलटं, अर्थशास्त्रासारखं. उताराचं गणित दोघींचं उलटं आलं, दोघींचे मार्क गेले. ही चूक करायला दोन्ही विषय लागतात. एकच विषय घेणाऱ्याच्या नशिबी ती नाही. वहिनी पेपर हातात धरून म्हणाल्या, "आपण दोन घरच्या सुना, पोरी. एका घरी पदर डोक्यावर, दुसऱ्या घरी खांद्यावर. दारातून आत जाताना आठवायचं, आपण कुठल्या घरात चाललोय."

त्यानंतर आम्ही नेहमी बरोबर अभ्यास केला. गणिताची पुस्तकं इंग्रजीत. ती मी वाचून सांगायची. आलेख त्या काढायच्या, रांगोळीचा हात असल्यासारखे, एका फटक्यात. त्यांच्या डब्यातली भाकरी मी किती खाल्ली याला गणतीच नाही.

टी.वाय.च्या सुरुवातीला विभागप्रमुखांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "दोघी आहात म्हणून तुमच्यासाठी वेगळं टाइमटेबल करतो. एक जरी कमी झाली तर एकीसाठी तास घेणार नाही. उरलेलीने गणित सोडायचं." मला पुढे एम.ए.ला जिथे जायचं होतं तिथे गणित लागत होतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतीस? मी काय मरतीय का?"

आणि नंतरच्या आठवड्यात दाराबाहेर चपला दिसेनात. फोन लावला तर मुलगी अश्विनी उचलायची आणि "आई कामात आहे" म्हणायची. विभागप्रमुखांनी शनिवारपर्यंत वाट पाहतो म्हणून सांगितलं. शुक्रवारी मी बस धरून पुनावळ्याला गेले.

घर मोठं. हॉलच्या मधोमध भिंतीवर एका बैलाचा फोटो, गुलालाने माखलेला, गळ्यात हार. तो हिऱ्या. वहिनींचे यजमान बाळासाहेब यांचा बैलगाडा शर्यतीतला बैल. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, कधी मागे राहिला नाही म्हणत. टीव्ही घेतला तेव्हा तो मधे लावायला हिऱ्याला बाजूला करावं लागणार होतं. बाळासाहेबांनी करू दिलं नाही. टीव्ही कोपऱ्यात गेला आणि सगळं घर माना वाकडी करून बातम्या बघायला शिकलं.

वहिनी स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. "आलीस? बरं झालं. कोथिंबीर निवड. अश्विनीला बघायला पाहुणे यायलेत." मध्यस्थाने बाळासाहेबांच्या कानात घातलं होतं की मुलीची आईच कॉलेजात जाते म्हटल्यावर पाहुणे नावं ठेवतील. म्हणून कॉलेज बंद.

बाळासाहेब दारात आले, माझ्याशी गोडच बोलले. "लग्न होऊ दे, मंग जाऊ दे की तिला. कॉलेज काय पळून चाललंय?"

मी म्हणाले, "पळूनच चाललंय, दादा. उद्या वहिनी आल्या नाहीत तर आमचा वर्ग बंद होतोय. माझंही गणित जातंय."

ते तसेच दारात उभे राहिले. वाईट माणूस नव्हता, पण जागचा हलणाराही नव्हता. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

पाहुणे चाकणच्या बाजूचे, आमच्यासारखेच; घरची शेती, मुलगा कंपनीत. पोहे झाले, चहा झाला. मी ट्रे घेऊन उभी होते. मुलाची आई सहज वहिनींना म्हणाली, "पोरगी गेल्यावर घर खायला उठेल हो तुम्हाला. दिवस कसा जायचा?"

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजात जाते मी."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "शिकवायला?"

"न्हाई. शिकायला. गणित आन् अर्थशास्त्र. शेवटचं वर्ष हाय."

मध्यस्थ खोकला. बाळासाहेब हिऱ्याच्या फोटोकडे बघत बसले, जणू आता त्यानेच काही बोलावं.

मुलाची आई म्हणाली, "दोन्ही एकदम?" आणि नवऱ्याकडे वळली. "बघा! मी नुसता शिवणाचा क्लास म्हणाले होते, तर घरची कामं कोण करणार म्हणून बसला होतात." तिचा मुलगाच आधी हसला, मग अश्विनी, मग सगळेच. ती बाई वहिनींच्या शेजारी सरकली. "परीक्षा कधी असते हो? त्याच्या पुढचीच तारीख धरू. विहिणीचा पेपर बुडवून माझ्या पोराचं लग्न नको."

"व्हय व्हय," बाळासाहेब म्हणाले, "परीक्षेच्या पुढचीच. मी तेच म्हणणार होतो."

शनिवारी सकाळी जिन्यातूनच मला चपला दिसल्या. आत वहिनी फळ्यासमोर बसलेल्या. मी म्हणाले, "काल तुम्ही दादांना हलवलंत!"

"मी न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बोलले तवा ते ढिम्म होते. त्या विहिणीमुळं हालले. आकृती खरी काढावी पोरी. आपल्याला बरी दिसंल तशी काढू नये."

हे वाक्य मी आजही बरोबर घेऊन फिरते. एम.ए. झाल्यावर चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला लागले. ज्या पट्ट्यात वडिलांनी प्रेस चालवला त्याच पट्ट्यात मी मागणीचे अंदाज काढते. मीटिंगमध्ये एखादा साहेब चढती रेघ दाखवून सगळं श्रेय स्वतःकडे ओढायला लागला, की मी हळूच विचारते, "सर, नक्की कोण हलतंय आणि कोणामुळे?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा साहेबांनी घाईने पुढची स्लाइड लावली होती. आता मी तोंड उघडलं की लोक आधीच हसतात, पण उत्तर शोधायला लागतात.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन पुनावळ्याला गेले. बऱ्याच दिवसांनी जात होते. चपला दारात काढल्या आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच थबकले. भिंतीच्या मधोमध चौकटीत वहिनींची पदवी होती. हिऱ्या तिच्या डाव्या बाजूला, नव्या खिळ्यावर. त्याच्या जुन्या जागेचा फिकट चौकोन पदवीच्या कडेने थोडा दिसत होता.

बाळासाहेब सोफ्यावरून म्हणाले, "काय बघतीस? हिऱ्याशेजारी लावलीय. यापरीस मोठा मान आमच्या घरात न्हाई."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी त्यांच्याच सुरात विचारलं, "कोण हाललं, वहिनी?"

"हिऱ्या."

"आन् कुणामुळं?"

मला वाटलं, आताही कुणा विहिणीचं, कुणा सरांचं नाव घेतील. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. पदर नीट केला.

"माझ्यामुळं," छायावहिनी म्हणाल्या. "व्हय. ह्ये माझ्यामुळं."