काकांचं अटळ

जगात टाळता येण्यासारखं काहीच नाही, असं मानणारा माणूस साऱ्या दिल्लीत एकच होता आणि तो आर. के. पुरममध्ये नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. वरच्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमधले हे एकटे गृहस्थ 'अटळ' हा शब्द मिठासारखा सगळ्यात घालायचे. दूध उतू गेलं, अटळ. बस चुकली, तेही अटळ. बस समोर उभी असताना हे पानवाल्याशी गप्पा मारत होते, ती गोष्ट वेगळी. सरोजिनी नगरातून हौसेने आणलेला स्वेटर त्यांनी उकळत्या पाण्यात भिजवला. तो आटून एवढासा झाला, तेव्हा आमच्या लेकीच्या बाहुलीला नेऊन दिला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हे बिल्कुल अटळ होतं!" उकळत्या पाण्याचं तिने सांगून पाहिलं, पण त्यांचं मत काही बदललं नाही.

दिल्लीत वाढलेल्या लेकीने एकदा विचारलं, "काका, अटळ मतलब?"

पोह्यांवर लिंबू पिळत ते म्हणाले, "अगं, रविवारी तुमच्याकडे पोहे होणार आणि मी खाली येणार. हे अटळ."

तिला लगेच पटलं. गोंधळलो तो मी, कारण आम्ही त्यांना कधी बोलावलंच नव्हतं.

मग ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावा लागतो, हे आमच्या कॉलनीतलं शेंबडं पोरही जाणतं. आता तरी तो शब्द अगदी योग्य जागी ऐकायला मिळेल, म्हणून मी वाट पाहत होतो. पण हे आपले म्हणत, "बघू यार, टळेल." नोटीस आली तरी तेच. सामान नाशिकला भावाकडे न्यायला ट्रक आला, तर यांनी बांधलेला खोका सोडून स्टोव्ह काढला आणि ड्रायव्हरला आग्रहाने चहा पाजत बसले.

शेवटी मीच वैतागून म्हणालो, "अहो, हे तरी अटळ आहे की नाही?"

"छे! हा नुसता नियम आहे," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. संध्याकाळी ट्रकपाठोपाठ तेही नाशिकला गेले.

पुढच्या रविवारी पोहे झाले. लेकीने सवयीने काकांचीही बशी मांडली आणि जिन्यापर्यंत जाऊन आली.

"बाबा, पण काकांचं येणं तर अटळ होतं ना?"

मी लिंबू पिळत राहिलो. त्या शब्दाचा अर्थ मला अजून नीट कळलेला नाही.