ओलितावरची बाई

मानेतून काळजात नळी घालणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "छाती फाडून राह्यले ते कमी हाय का?" मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. "आता मानीतही भोक?"

मुंबईचं मोठं इस्पितळ ते. महाराष्ट्र होऊन वीसेक वर्षं झाली असतील. बायपास हा शब्द आमच्या वडनेरात कोणाच्या कानावरही नव्हता. आमच्या ह्यांना वांग्याच्या वाफ्यातच छातीत कळ आली, बुलढाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, आणि धाकटे दीर आम्हा दोघांना नांदुऱ्याहून गाडीत घालून इथवर घेऊन आले. उद्या सकाळी ऑपरेशन. आणि भूल देणारी ही बाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, खाटेशी उभी राहून सांगत होती की ही बारीक नळी शिरेतून हृदयात जाते, तिथून फुप्फुसाकडच्या रक्तवाहिनीत. आतला दाब क्षणोक्षणी दाखवते. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही.

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात हेच म्हणाले, "घाला बाई नळी. इंजिनापाशी बसून पाणी सरीत कुठवर गेलं ते दिसत नाही. टोकाले माणूस पाह्यजेच."

"अगदी तसंच," त्या हसल्या. माझं कोण ऐकतो!

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ह्यांना काचेच्या खोलीत आणलं. जिकडेतिकडे नळ्या, तोंड ओळखू येईना. बाई उशाशी, नजर पडद्यावर नाचणाऱ्या रेघांवर. दार जरा उघडलं तशी मी विचारलं, "कसे हायेत हो?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

अस्सा संताप आला! "पाह्यलं का भाऊजी? लय माज हाय या बाईले. इथं माह्या कुंकवाचा सवाल हाय, अन् हिले दोन शब्द बोलता येत नाही?"

"वयनी, उगी राहा," दीर हळूच म्हणाले. "बाई ओलितावर हाय."

मी दारापासून मागं सरले. आमच्याकडे ओलितावरच्या माणसाला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, कोणी हाक मारत नाही. त्याचं लक्ष हललं की वरंबा फुटलाच. घरची बाई भाकर नेते, बांधावर ठेवते आणि न बोलता परत फिरते. तोही शेवटची सरी भरल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही. मी लग्न झाल्यापासून हेच केलं होतं, आणि इथं मलाच अक्कल शिकवायची वेळ आली.

पिशवीत घरून आणलेल्या दशम्या आणि ठेचा होता. बाई सकाळपासून उपाशी आहेत, असं नर्स म्हणाली. मी डबा तिच्या हाती दिला, तिनं तो आत दाराजवळच्या टेबलावर ठेवला. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

जरा वेळानं त्या ताडकन उठल्या. कोणाला तरी हाक मारली, मोठे डॉक्टर धावत आले, रक्ताची बाटली टांगली, खाटेभोवती पडदा ओढला. नर्स बाहेर आली ती घाईघाईत सांगून गेली, "आत रक्त झिरपतंय. दंडाचा दाब अजून ठीक आहे, पण नळीतला उतरायला लागला. मॅडमनी लगेच ओळखलं. आत्ता काही सांगता येत नाही, मावशी."

मानेतली ती नळी! हिच्यापायी मी त्या बाईशी भांडले होते.

पडद्यामुळे हे दिसेनात. दिसत होता तो फक्त डबा. दिवेलागणी झाली, डबा तसाच. दीर देवाचं नाव घेत होते. मी त्या झाकणावरची नजर हलवली नाही. बाईंनी तो उचलावा, एवढंच मागत होते.

मग दीर पाणी घेऊन आले, मी दोन घोट प्यायले, आणि पाहते तर टेबल मोकळं. कोणी नुसताच बाजूला तर नसेल ठेवला?

दार उघडलं. बाई स्वतःच आल्या, पदरानं तोंड पुसत, नाक लाल झालेलं. "अहो, काय तिखट ठेचा तुमचा!"

हे कसे आहेत, ते मी विचारलंच नाही. त्यांच्या हातातला डबा घेऊन उघडून पाहिला. दशमीचा तुकडासुद्धा उरला नव्हता. मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि पोटभर रडले.